सेल छोटा, काम मोठं! : गाडीच्या किल्लीतला सेल बदलताना

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी (लेडीज होस्टेल)



आपल्या मराठी विभागात दरवर्षी पावसावरच्या कविता, आईवरचे लेख आणि मेसच्या आमटीवरचे विनोद भरपूर येतात. टेक्निकल विषय मात्र सगळे इंग्रजी विभागात जाऊन बसतात. माझं स्वतःचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'अंतर्गत रोध' म्हणजे आपला इंटरनल रेझिस्टन्स, हे मला होस्टेलवर आल्यावर मराठी माध्यमातून आलेल्या रूम पार्टनरनं सांगितलं! तरीही हा लेख मुद्दाम मराठीत लिहिते आहे. कारण ज्या लोकांना यातली माहिती खरोखर उपयोगी पडेल, ते इंग्रजी विभाग उघडणार नाहीत.

विषय अगदी साधा आहे : कारच्या रिमोट किल्लीतला सेल बदलणे. काम पाच मिनिटांचं. पण या पाच मिनिटांत फर्स्ट इयरची केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल, कम्युनिकेशन आणि मायक्रोकंट्रोलर असे चार विषय येऊन जातात. आणि लेखाच्या शेवटाकडे एक गोष्ट अशी आहे, जी कुठल्याच विषयाच्या सिलॅबसमध्ये नाही, पण एखाद्या लेकराचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. तेवढी वाचल्याशिवाय कृपया पान उलटू नका.

आमची आष्टी आणि रिमोटची किल्ली

आष्टी म्हटलं की लोक लगेच बीडची आष्टी समजतात, नाहीतर १९४२ च्या लढ्यातली वर्ध्याची. गडचिरोलीतही एक आष्टी आहे. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. कापूस, सोयाबीन आणि बाजारहाट यांवर चालणारं गाव. पूर्वी गावातल्या जीपला एक साधी लोखंडी किल्ली असायची, आणि ती हरवली तरी ड्रायव्हर वायरी जोडून गाडी चालू करायचा. आता दारापुढच्या गाड्या बदलल्या, किल्लीवर बटणं आली. रिमोट चालेनासा झाला की मात्र घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "जालन्याला शोरूमला दाखवावं लागंल."

खरं म्हणजे दहापैकी बहुतेक वेळा बिघाड एका सेलचा असतो. तो घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, कधीकधी जनरल स्टोअरमध्येसुद्धा मिळतो. दोघांच्या चहा-पोह्याच्या खर्चात काम होतं. त्यासाठी अर्धा दिवस घालवून जिल्ह्याच्या गावाला जायची गरज नाही.

किल्लीच्या पोटात काय असतं?

रिमोट किल्लीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण अर्धे गैरसमज इथेच सुरू होतात.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रान्समीटर. बटण दाबलं की तो रेडिओ लहरींवर एक छोटा संदेश पाठवतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ही फ्रीक्वेन्सी ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. याला सेल लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडी चालू करण्याची परवानगी देणारी चिप. इग्निशनच्या कुलपाभोवती एक कॉइल असते. किल्ली आत घातली की त्या कॉइलच्या साधारण १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ही चिप स्वतःपुरती वीज घेते आणि आपली ओळख सांगते. ट्रान्सफॉर्मरचं तत्त्व, दुसरं काही नाही. याला सेल लागत नाही!

तिसरी गोष्ट म्हणजे लोखंडी पातं. त्याला तर काहीच लागत नाही.

आता निष्कर्ष बघा. सेल संपला तर बटणानं दार उघडणार नाही, पण पात्यानं उघडेल, आणि फिरवायच्या किल्लीची गाडी नेहमीसारखी चालूही होईल. बटणानं चालू होणाऱ्या गाडीतही सोय असते. किल्लीच्या आत एक छोटं पातं लपवलेलं असतं, त्यानं ड्रायव्हरचं दार उघडायचं. मग किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी धरून, गाडी चालू करायची. पात्यानं दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. घाबरू नका, किल्ली ओळखली गेली की तो बंद होतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि किल्ली 'मेली' असेल, तर एवढी माहिती असलेला एक माणूस घरात असला पाहिजे.

जाता जाता : कारचं दार लांबून उघडण्याची ही सोय पहिल्यांदा फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्युएगो नावाच्या गाडीत दिली. आता ती आष्टीच्या बाजारात भाजीच्या पिशवीबरोबर लटकलेली दिसते.

सेलचं नाव वाचायला शिका

दुकानात जाऊन "गाडीच्या किल्लीचा सेल द्या" म्हटलं तर दुकानदार विचारणारच, कुठला? उत्तर जुन्या सेलवरच कोरलेलं असतं. उदाहरणार्थ सीआर २०३२. यातलं 'सी' म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड यांची जोडी. 'आर' म्हणजे गोल आकार. पुढचं '२०' म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि '३२' म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. त्याच हिशेबानं सीआर २०२५ हा तेवढाच गोल, पण २.५ मिलिमीटर जाड. सीआर १६२० म्हणजे १६ मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर जाडी.

या सगळ्यांचा व्होल्टेज एकच, ३ व्होल्ट. फरक आहे तो साठ्यात. २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास, २०२५ मध्ये १६० च्या आसपास, तर १६२० मध्ये ७० च्या आसपास. म्हणून काही हुशार लोक २०३२ च्या जागी २०२५ बसवून खाली कागदाची घडी घालतात. व्होल्टेज जुळतो, पण सेल आत हलतो, संपर्क तुटतो, आणि आयुष्य कमी मिळतं ते वेगळंच. जुना सेल खिशात घालून दुकानात जा आणि तोच नंबर आणा.

एक धोक्याची सूचना. एलआयआर २०३२ नावाचा हुबेहूब दिसणारा सेल मिळतो. तो चार्ज होणारा आहे आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ३ व्होल्टसाठी केलेल्या सर्किटला तो द्यायचा नाही. आणि उलट, साधा सीआर सेल कधीही चार्ज करायला लावायचा नाही. त्यातली रासायनिक क्रिया एकाच दिशेची समजा. उलटी करायला गेलात तर तो फुगतो, फुटतो.

मोसंबीचा धडा

आता खरी गंमत. रिमोट चालत नाही म्हणून तुम्ही सेल काढून मल्टिमीटर लावता. आकडा येतो २.९ व्होल्ट. तुम्ही म्हणता, सेल तर चांगला आहे, म्हणजे रिमोटच गेला. इथे आपले भावी इंजिनिअर हमखास फसतात.

हे समजायला आमच्या जालना जिल्ह्याची मोसंबी घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी आहे, प्रयोगानंतर मात्र खाऊ नका. एका मोसंबीत एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसा. मीटरवर साधारण ०.९ व्होल्ट दिसतील. अशा चार मोसंबी एकामागे एक जोडा, साडेतीन व्होल्टच्या जवळ जाल. म्हणजे सीआर २०३२ पेक्षा जास्त! मग मोसंबीवर कारची किल्ली का चालत नाही? कारण मोसंबीचा अंतर्गत रोध हजारो ओहमच्या घरातला असतो. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतो. रिमोटला मात्र बटण दाबल्याक्षणी दहा-पंधरा मिलिअँपिअर लागतात. ते मागितले की मोसंबी बसलीच.

जुना सेल म्हणजे हळूहळू मोसंबी होत जाणारा सेल. नवा असताना त्याचा अंतर्गत रोध दहा-वीस ओहमच्या आसपास असतो. तो संपत येतो तसा रोध वाढत शंभर ओहम आणि त्याच्याही पुढे जातो. आता ओहमचा नियम लावा. १० मिलिअँपिअर गुणिले १०० ओहम म्हणजे १ व्होल्ट आतल्या आत खर्च. २.९ वजा १ म्हणजे किल्लीच्या हाती फक्त १.९ व्होल्ट. एवढ्यावर बऱ्याच रिमोटचा मायक्रोकंट्रोलर काम सोडून देतो. हात काढला की मीटरवर पुन्हा २.९! वर्गात हजेरीला 'यस सर' आणि प्रॅक्टिकलला गैरहजर, असा हा प्रकार.

म्हणून सेल तपासताना त्याला भार द्या. २२० ओहमचा एक रेझिस्टर सेलला क्षणभर लावून त्याच वेळी मीटर बघा. नवा सेल २.८ च्या आसपास किंवा वर राहील. थकलेला झपकन खाली येईल. एक-दोन सेकंदच लावा, कारण तेवढ्या वेळात मागितलेला करंट त्या बिचाऱ्याच्या मानानं भरपूर असतो.

मीटर नसला तरी लक्षणं ओळखता येतात. पूर्वी अंगणातून उघडणारी गाडी आता चिकटून उभं राहिल्यावर उघडते, एकाच्या जागी तीनदा बटण दाबावं लागतं, किल्लीवरचा लाल दिवा मंद होतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोट बघायची युक्ती इथे चालत नाही. ती टीव्हीच्या रिमोटसाठी, कारण त्यात इन्फ्रारेड प्रकाश असतो. कारच्या किल्लीतल्या रेडिओ लहरी कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

दहा वर्षं की तीन वर्षं?

थोडा हिशेब करू. समजा एका दाबाला १० मिलिअँपिअर अर्धा सेकंद लागतात आणि दिवसातून २० वेळा बटण दाबलं जातं. वर्षाचा खर्च येतो सुमारे १० मिलिअँपिअर-तास. बटण न दाबता चिप झोपलेली असताना १ मायक्रोअँपिअर घेते असं धरलं, तर वर्षाला जवळपास ९. सेल आपोआप उतरतो तो वर्षाला शेकडा एकच्या आसपास, म्हणजे २. एकूण २१. २२० भागिले २१ म्हणजे दहा वर्षं!

मग मामाच्या गाडीचा सेल तीन वर्षांत का गेला? उत्तरं तीन. एक, अनेक किल्ल्यांत २०३२ नसून १६२० सारखा छोटा सेल असतो. ७० ला वर्षाच्या साधारण २० नं भागा, साडेतीनच वर्षं येतात. दोन, बटण-स्टार्टच्या गाडीची किल्ली कधी पूर्ण झोपत नाही. गाडी तिला हाक मारते का, हे ती सतत ऐकत असते. ऐकण्यासाठी ५ मायक्रोअँपिअर धरले तरी वर्षाचे ४४ मिलिअँपिअर-तास गेले, आणि २०३२ सुद्धा चार वर्षांच्या आतच संपला. तीन, आपला उन्हाळा. मराठवाड्यात पारा बेचाळिसाला टेकतो तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि उष्णतेनं सेल आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रत्यक्ष कृती

साहित्य : बारीक स्क्रू ड्रायव्हर (चपटा आणि फुलीचा), सुती फडकं, लाकडी टूथपिक, त्याच नंबरचा नवा सेल आणि चिकटपट्टी.

१. टेबलावर पांढरा रुमाल किंवा कागद अंथरा. पडलेला स्क्रू लगेच दिसतो.

२. बटण-स्टार्टची किल्ली असेल तर आधी छोटं खटकं सरकवून आतलं पातं बाहेर काढा. ते निघाल्यावर तिथेच उघडायची फट दिसते. घडीच्या किल्लीला बहुधा मागच्या बाजूला झाकण असतं. काहींना एक बारीक स्क्रू असतो.

३. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाभोवती फडकं गुंडाळा, फटीत घाला आणि हळूच पिरगळा. सुरी वापरू नका. सुरी सटकली तर किल्ली नाही, बोट उघडतं.

४. उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी मोबाईलनं एक फोटो काढा. सेलची कुठली बाजू वर होती, हे नंतर शपथेवर सांगता येत नाही.

५. स्क्रूच्या किल्ल्यांत ट्रान्सपाँडर चिप काही वेळा सुटी असते, काळ्या खड्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी. दिसायला कचरा, पण ती हरवली तर गाडी चालूच होणार नाही. ती जागची हलवू नका.

६. जुना सेल टूथपिकनं उचला. धातूचा चिमटा वापरला तर दोन्ही बाजू जोडल्या जाऊन शॉर्ट होतो. पितळी-स्टीलच्या पट्ट्या वाकवू नका, सेल दाबून धरायचं काम त्यांचंच आहे.

७. नवा सेल कडेला धरा. बोटाच्या घामातलं मीठ दोन बाजूंमध्ये पातळ थर करतं आणि त्यातून सेल हळूहळू उतरतो. हात लागलाच तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. सेलवर पारदर्शक स्टिकर असेल तर आधी काढा. अधिक (+) चिन्ह आणि नंबर असलेली मोठी सपाट बाजू म्हणजे धन टोक. ते फोटोप्रमाणे बसवा.

८. झाकण पूर्ण बंद करायच्या आधी बटण दाबून बघा. चाललं की मग रबरी पट्टी नीट बसवून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. ती रबरी पट्टी धूळ आणि पाणी अडवते, 'जास्तीची' म्हणून फेकू नका.

मेसचं कूपन आणि रोलिंग कोड

सगळ्यांच्या मनात एक भीती असते : सेल काढला तर किल्ली गाडीला विसरणार नाही ना? सहसा नाही. ओळखीची माहिती ईईप्रॉम नावाच्या स्मृतीत असते, आणि तिला लक्षात ठेवायला वीज लागत नाही.

पण ही माहिती असते तरी कशी? किल्ली दरवेळी एकच संदेश पाठवत असती, तर कुणीही चोर रेडिओवर तो रेकॉर्ड करून नंतर वाजवू शकला असता. म्हणून दर दाबाला नवा संदेश जातो, आणि त्याला रोलिंग कोड म्हणतात. आपल्या मेसचं कूपन पुस्तक डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक कूपनावर पुढचा आकडा. मावशींना शेवटचा आकडा पाठ. तुम्ही ४१ दिलं, मावशींनी घेतलं. पुन्हा ४१ आणलं तर त्या ताट देणार नाहीत. समजा तुम्ही घरी गेलात आणि भावानं खेळताना चार-पाच कूपनं फाडली. आता तुम्ही ४७ आणलं तर मावशी म्हणतात, असू दे, थोडंच पुढे आहे. खिशात चुकून दाबलेल्या बटणाचं हेच होतं.

मायक्रोचिप कंपनीच्या कीलॉक या पद्धतीत हे 'थोडंच' म्हणजे पुढचे १६ आकडे. त्याहून बरंच पुढचं आलं तर गाडी लागोपाठचे दोन संदेश मागते आणि मगच विश्वास ठेवते. म्हणून सेल बदलल्यावर पहिल्या दाबाला प्रतिसाद आला नाही, तर गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा दाबून बघा. काही गाड्यांत किल्ली इग्निशनमध्ये फिरवून जुळणी करावी लागते. त्याची रीत गाडीच्या पुस्तकात असते. तेवढ्यानंही चाललं नाही तर आधी सेल उलटा बसला का आणि पट्टी टेकते का हे बघा, आणि मगच शोरूमची वाट धरा.

कीलॉक ही पद्धत मूळ दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झाली, १९९५ मध्ये मायक्रोचिपनं ती विकत घेतली, आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ती फोडूनही दाखवली. त्यामुळे कूपन कितीही चांगलं असलं तरी गाडी चांगल्या जागी लावणं हेही सुरक्षेतच येतं!

मेलेला सेल मेलेला नसतो

आता ती सिलॅबसबाहेरची गोष्ट.

गेल्या दिवाळीत आष्टीला मामाच्या किल्लीचा सेल बदलला. मामानं जुना सेल सवयीनं खिडकीत ठेवला, सुट्ट्या पैशांच्या शेजारी. मामेबहिणीचं लेकरू दीड वर्षाचं, नुकतंच धरून चालायला लागलेलं. कुणाचं लक्ष नसताना त्यानं तो चकाकता गोल उचलला, आणि तोंडाकडे नेणार तेवढ्यात आजीनं हात धरला. "आरं, लेकराच्या हाती काय दिलंय? पैसा गिळतंय की ते!" मामा म्हणाला, "काही नाही होत आई, संपलेला सेल आहे तो." आजीचंच बरोबर होतं, आणि आजीला वाटलं त्याहून प्रकरण गंभीर होतं.

मोसंबीचा धडा आठवा. संपलेल्या सेलवरही २.९ व्होल्ट दिसतात. कारसाठी तो निकामी, कारण कारला दहा मिलिअँपिअर लागतात. पण पाण्याचं विघटन सुरू व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, आणि इजा व्हायला अगदी थोडा करंट पुरे. लहान मुलाच्या अन्ननलिकेत २० मिलिमीटरचा सेल सहज अडकतो. भोवती ओलावा असतोच, त्यातून प्रवाह वाहू लागतो, आणि सेलच्या ऋण बाजूला हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली, तयार होतो. तो आतली त्वचा जाळतो. यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. अमेरिकेत रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा रिमोटमधला असा सेल गिळल्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. तिच्या आईनं लढा दिला आणि २०२२ मध्ये तिथे तिच्याच नावानं कायदा झाला : लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असंच सेलचं झाकण हवं.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. एक्स-रे आणि दुर्बिणीनं सेल बाहेर काढायची सोय मोठ्या दवाखान्यातच असते. आष्टीहून परतूर, तिथून जालना, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. त्या दोन तासांतला मोठा भाग रस्त्यातच जातो. म्हणून हे पाठ करून ठेवा :

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. लेकरू हसत-खेळत असलं तरी निघा. सुरुवातीला काही वेळा फक्त लाळ गळते, खोकला येतो किंवा खायला नको म्हणतं, बस. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा, आणि आधी फोन करून एक्स-रे व दुर्बिणीची सोय आहे का विचारा. उलटी करायला लावू नका. केळं, भात, पाणी काही भरवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे जळण्याचा वेग कमी होतो. पण मध हा उपचार नाही, आणि मध शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. डॉक्टरांना 'नाणं गिळलं' असं न सांगता 'सेल असू शकतो' असं स्पष्ट सांगा. एक्स-रेमध्ये नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची बहुधा दुहेरी. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल असेल तर बरोबर न्या, नंबर कळतो. नाकात किंवा कानात गेलेला सेलही तितक्याच घाईनं काढावा लागतो.

जुन्या सेलचं काय करायचं?

किल्लीतून काढल्या क्षणी, नवा बसवण्याच्याही आधी, जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. बरेच सेल एकत्र पडले तर एकमेकांना टेकून शॉर्ट होतात, तापतात, कधी आगही लागते. चिकटपट्टी लावलेले सेल झाकणाच्या बाटलीत, उंचावर ठेवा. पैशांच्या डब्यात नाही, देवघरात नाही, खिडकीत नाही. आपल्या देशातले २००१ चे बॅटरीचे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत मात्र या बोटभर सेलसकट सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या द्यायच्या आहेत, आणि पुढची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

यावरून एक विनंती, विशेषतः आपल्या रेक्टर मॅडम, सर आणि लॅबच्या स्टाफला. होस्टेलमध्ये घड्याळं, कॅल्क्युलेटर, वजनकाटे, गाड्यांच्या किल्ल्या यांतून वर्षभरात कितीतरी सेल निघतात आणि सरळ मेसमागच्या कचऱ्यात जातात. मेसच्या मावशींची नातवंडं तिथेच खेळतात. ऑफिसच्या खिडकीजवळ एक झाकणाचा डबा आणि एक चिकटपट्टीचं रीळ ठेवलं, तर खर्च शंभर रुपयांच्या आत होईल. आमच्या विंगमध्ये आम्ही पाण्याची रिकामी बाटली ठेवून सुरुवात केली आहे. हा लेख लिहीपर्यंत तिच्यात एकोणीस सेल जमलेत. त्यांतले सोळा सेल मीटरवर अजूनही अडीच व्होल्टच्या वर दाखवतात.

सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन कामं करा. घरातल्या गाडीच्या किल्लीतलं लपलेलं पातं सगळ्यांना काढून दाखवा. आणि आजी-आजोबा, काका-काकू, लेकुरवाळ्या ताया या सगळ्यांना तो दोन तासांचा हिशेब सांगा. इंजिनिअरिंगला जाऊन काय शिकलीस, असं कुणी विचारलं तर सांगायला निदान एक उत्तर तरी होईल!